तुरीच्या आडोशाला गांजा: पैसा दलालाचा, गुन्हा शेतकऱ्यावर

पाऊस ओसरला, तुरी डोक्याएवढ्या झाल्या की एकाच साच्याच्या बातम्या यायला लागतात. तुरीत, कपाशीत, उसात नाहीतर मक्यात लावलेली गांजाची झाडं सापडली. स्थानिक गुन्हे शाखेचा छापा. इतके किलो मुद्देमाल जप्त, किंमत इतके लाख. शेतकरी ताब्यात. फोटोत पोलीस पथक, पुढ्यात हिरव्या झाडांचा ढीग आणि बाजूला मान खाली घातलेला एक माणूस.

बातमी तिथेच संपते. त्या माणसाचं पुढे काय झालं, बी कुणी दिलं, माल घेणारा कोण होता, हे पुन्हा फारसं छापून येत नाही. दुसरीकडे मोबाईलवर वेगळंच चालू असतं. कुंडीत गांजा कसा लावायचा, बी उगवलं नाही तर काय करायचं, पानं पिवळी पडली तर काय, याचे व्हिडिओ कुणीही बघू शकतो. व्हॉट्सअॅपवर फिरतं की 'आता भांग शेतीला परवानगी मिळाली, एकरी लाखो रुपये'. यातलं खरं किती, खोटं किती, आणि आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, ते नीट समजून घेऊ.

कायदा नेमका काय म्हणतो?

देशात १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू आहे. अमली पदार्थांचा कायदा म्हणतात तो हाच. त्याच्या कलम ८ नुसार परवानगीशिवाय गांजाचं झाड लावायला बंदी आहे. किती झाडं लावली, शेतात लावली की घरात, विकायला लावली की स्वतःसाठी, असा भेद हे कलम करत नाही. लागवड म्हणजे लागवड.

शिक्षा कलम २० मध्ये दिली आहे. ती अशी:

लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

तयार गांजा १ किलोपर्यंत जवळ सापडला तर त्याला अल्प प्रमाण म्हणतात. १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१ किलोपेक्षा जास्त पण २० किलोपर्यंत असेल तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

२० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. इथे कमीत कमी १० वर्षं आणि जास्तीत जास्त २० वर्षं सक्तमजुरी, वर १ ते २ लाख दंड. यात जामीन मिळणं फार अवघड असतं, कारण आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याचं समाधान न्यायालयाला आधी व्हावं लागतं.

आता एक गंमत बघा. बाजारातून अर्धा किलो गांजा आणून पिशवीत ठेवणाऱ्याला जास्तीत जास्त १ वर्ष. पण परसात दोन झाडं लावणाऱ्याला कायद्याने १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लागवडीला किमान शिक्षा ठरलेली नाही, किती द्यायची ते न्यायालय ठरवतं, हे खरं. तरी खटला विशेष न्यायालयात उभा राहतो आणि तारखा वर्षानुवर्षं चालतात. 'थोडंसंच आहे, काय होतंय' हा हिशोब लागवडीच्या बाबतीत चालत नाही.

'एकच झाड आहे, तेही कुंडीत'

हा प्रश्न आता खेड्यातही यायला लागलाय, कारण मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे. घरी गांजा लावायचे जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक कॅनडा, अमेरिका, जर्मनी अशा देशांतले असतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडं लावायची मुभा आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं लावता येतात. थायलंडने २०२२ मध्ये मोकळीक दिली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. म्हणजे ज्यांनी सोडलं, त्यांचंही अजून पक्कं नाही.

त्या व्हिडिओत बी का उगवत नाही, रोप का माना टाकतं, नर झाड कसं ओळखायचं हे सगळं सांगतात. आपल्याकडे खरी अडचण त्याच्या आधीच सुरू होते. बी मातीत टाकलं की ती लागवड झाली. रोप मेलं की जगलं हा नंतरचा प्रश्न.

बियाण्याबद्दल एक बारीक मुद्दा आहे आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. बी आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून 'बी विकणं-घेणं कायदेशीर आहे' असं छातीठोक सांगितलं जातं. पण ते बी पेरल्यावर काय, हे विकणारा सांगत नाही. शिवाय परदेशातून पार्सलने बी मागवणं हा वेगळाच घोळ आहे. बाहेरच्या देशातून बियाणं आणायला वनस्पती संगरोधाचे नियम आहेत, परवाना आणि तपासणी लागते. २०२० मध्ये अनोळखी बियाण्यांच्या पार्सलबद्दल केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केलं होतं.

आणि पानांची भांग? तिच्यावर केंद्राचा हा कायदा थेट लागत नसला तरी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत म्हणून इथेही चालतं, असं समजू नका.

सातबारा एकाचा, कसणारा दुसरा

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. छापा पडला की पोलीस पहिल्यांदा गट नंबर बघतात आणि सातबारा काढतात. सातबाऱ्यावर नाव असतं थोरल्या भावाचं, वडिलांचं, कधी वारलेल्या आजोबांचंसुद्धा. कसणारा असतो धाकटा भाऊ, वाटेकरी किंवा सालगडी. मालक पुण्या-मुंबईला कामाला.

कायद्याची तीन कलमं इथे लक्षात ठेवायला हवीत.

कलम ५४: एखाद्याने कसलेल्या जमिनीत गांजाची झाडं उभी असतील, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्यानेच गुन्हा केला असं न्यायालय धरून चालू शकतं. इथे शब्द 'कसलेली' असा आहे, नुसती 'मालकीची' असा नाही.

कलम २५: मालकाने किंवा ताबा असलेल्या माणसाने आपली जागा जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू दिली, तर त्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा.

कलम ४६: आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झालीय हे कळलं, तर ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा.

म्हणजे मालक गावात नसेल, त्याला काहीच माहीत नसेल, तर कायद्याने तो दोषी नाही. पण 'मला माहीत नव्हतं' हे दाखवायचं कसं? इथेच आपल्याकडची जुनी अडचण येते. कूळ लागेल या भीतीने बटईचा कागद कुणी करत नाही. सगळा व्यवहार तोंडी. वर्षानुवर्षं तसंच चालतं, विश्वासावर. आणि एके दिवशी शेतात पंचनामा होतो, तेव्हा वाटेकरी म्हणतो 'मालकानेच सांगितलं', मालक म्हणतो 'मी तर दिवाळीनंतर आलोच नाही'. कागद कुणाकडेच नसतो.

न्यायालयाने याकडे अगदीच डोळेझाक केलेली नाही. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसती झाडं सापडली म्हणजे लागवड सिद्ध होत नाही, ती आरोपीने लावली आणि जोपासली याचा पुरावा लागतो. पण हा दिलासा मिळतो खटल्याच्या शेवटी. तोवर अटक, कोठडी, वकिलाची फी, गावातली बदनामी आणि बुडालेले हंगाम हे सगळं भोगून झालेलं असतं.

सरपंच आणि पोलीस पाटलांनो, तुमच्यासाठीही कलम आहे

हे फार जणांना माहीत नाही. कलम ४७ सांगतं की सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावचा कोणताही अधिकारी यांना आपल्या हद्दीत बेकायदा गांजा लागवड झाल्याचं कळलं, तर त्यांनी ताबडतोब कळवलंच पाहिजे. कसूर केली तर तेही शिक्षेला पात्र. पोलीस पाटील आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांनी हे कलम आपल्यासाठीच आहे असं समजावं.

गावात कोण काय पेरतंय हे गावाला माहीत असतंच. 'कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या' म्हणून सगळे गप्प राहतात. पण वेळीच समजावून, झाडं लहान असतानाच विषय संपला, तर एखादं घर वाचतं. फुलोऱ्यावर आलेल्या झाडांवर छापा पडला की मग सरपंचाच्या हातात काही राहत नाही.

छाप्याची बातमी वाचायची कशी?

अशा बातमीत दोन आकडे असतात, वजन आणि किंमत. दोन्ही जरा थांबून वाचावेत.

वजन बहुतेक वेळा उपटलेल्या ओल्या झाडांचं असतं. त्यात खोड, फांद्या, पानं, कधी मुळाची मातीही येते. झाड वाळलं की वजन खूप उतरतं. आणि कायद्यात गांजा म्हणजे फक्त शेंडे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर हाच मुद्दा धरला होता. जप्त केलेला हिरवा पाला शेंड्यांसकट होता की नाही हे स्पष्ट नसेल, तर ते सगळं वजन गांजाचं म्हणून धरता येत नाही, असा त्याचा अर्थ. ही बाब छोटी नाही. १९ किलो आणि २१ किलो यात आरोपीच्या आयुष्याचा फरक पडतो.

किंमत ही पोलिसांनी धरलेली बाजारभावाची किंमत असते. ती शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. पुड्या करून शहरात विकल्यावरचा भाव एक, आणि बांधावर येऊन पोत्यात भरून नेणाऱ्याने दिलेला भाव दुसरा. बातमी वाचून 'अरे, एवढे पैसे मिळतात का' असं एखाद्या पोराच्या मनात आलं, तर त्याने हा फरक ध्यानात घ्यावा.

पोलिसांकडूनही अपेक्षा आहे. मुद्देमालाचं वजन, नमुने, पंच, छायाचित्रण हे सगळं कायद्यात सांगितल्याप्रमाणे झालं पाहिजे. कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी आणि नमुने प्रमाणित करून घ्यावे लागतात. यात ढिलाई झाली की निर्दोष माणूस विनाकारण अडकतो आणि खरा गुन्हेगार सुटतो. दोन्ही नुकसानच.

आपोआप उगवलं तर? आणि अंबाडीचं काय?

गांजाच्या पुडीत बी असतं. ओढणारे ते निवडून बाजूला टाकतात. उकिरड्यावर, पडक्या वाड्यात, ओढ्याकाठी, शेतातल्या झोपडीमागे असं एखादं झाड आपोआप उगवू शकतं. मालकाला पत्ताही नसतो.

झाड ओळखायचं कसं? गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो अंबाडीशी. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पानं गांजासारखी दिसतात म्हणून पडलेलं. पण फरक सोपा आहे. अंबाडीच्या पानाला खोल कापे असतात, तरी पान देठाजवळ एकच असतं. चव आंबट, खोडाला बारीक काटे, फूल मोठं पिवळसर आणि मध्ये गडद रंगाचं. गांजाच्या पानात पाच-सात लांबट पानं एका टोकातून पंजासारखी सुटी निघतात आणि प्रत्येकाची कडा करवतीसारखी असते. त्याला भेंडीसारखं मोठं फूल येत नाही. शेंडे चिकट होतात आणि उग्र वास लांबूनच येतो. ताग तर अगदीच वेगळा, साधी लांबट पानं आणि पिवळी फुलं. पण तागाला इंग्रजीत 'सन हेम्प' म्हणतात, त्यामुळे 'हेम्प शेतीला परवानगी' असं वाचून काही जणांचा घोळ होतो.

आपल्या जागेत संशयास्पद झाड दिसलं तर गुपचूप उपटून वाळत घालू नका, घरात आणू नका, कुणाला देऊ नका. वाळलेला शेंडा घरात सापडला तर आपोआप उगवलेल्या झाडाचा मुद्दाच संपतो. पोलीस पाटलांना बोलवा, जागेवरच फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो पोचेचा कागद पुढे दहा वकिलांचं काम करतो.

'आता कायदेशीर झालंय' यात खरं किती?

या दाव्यामागे तीन-चार खऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांचीच मोडतोड करून मेसेज बनतात.

पहिली, डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं. २७ विरुद्ध २५ असं मतदान झालं आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. पण गांजा नियंत्रित पदार्थांच्या यादीत अजून आहेच. भारतातला कायदा त्याने बदलला नाही.

दुसरी, नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला मान्यता दिली. नशेचा अंश, म्हणजे टीएचसी, अगदी नगण्य असावा ही अट घालून. ही परवानगी खाण्याची आहे, पेरण्याची नाही.

तिसरी, उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पला परवाना पद्धत सुरू केली. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली. जम्मूतल्या सीएसआयआरच्या संस्थेत औषध संशोधनासाठी परवानगीने लागवड होते. हे सगळं खरं. एनडीपीएस कायद्याच्या कलम १० आणि १४ मध्ये धागा, बी अशा कामांसाठी सरकारने परवानगी देण्याची तरतूद आहेच. पण ती सरकारने द्यायची असते, शेतकऱ्याने गृहीत धरायची नसते. महाराष्ट्रात शेतकऱ्याने तहसीलला अर्ज करावा आणि हेम्प लागवडीचा परवाना मिळावा, अशी योजना आज नाही.

आणि परवाना मिळालेल्यांचं तरी सगळं सुरळीत चाललंय का? उत्तराखंडमध्ये ०.३ टक्के टीएचसीची मर्यादा आहे. तिथल्या स्थानिक वाणांत तो अंश जास्त भरतो, म्हणून मर्यादेत बसणारं खात्रीचं बियाणंच मिळेना, हीच मोठी अडचण ठरली. अमेरिकेतही मर्यादा ०.३ टक्के आहे. तपासणीत अंश थोडा जास्त आला की उभं पीक नष्ट करावं लागू शकतं. तिथे २०१८ च्या कायद्याने हेम्प मोकळं झालं, २०१९ ला शेतकऱ्यांनी धडाधड लागवड केली, आणि वर्षा-दोन वर्षांत भाव कोसळले. माल पडून राहिला. टोमॅटो, कांदा, कोरफड, सफेद मुसळी यांचा इतिहास माहीत असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कुणी 'हेम्पचा करार करा, बी आम्ही देतो, माल आम्ही उचलतो, आधी नोंदणी फी भरा' म्हणत आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: महाराष्ट्र सरकारचा लागवड परवाना माझ्या नावाचा, माझ्या गट नंबरचा दाखव. बाकी प्रमाणपत्रं, फोटो, मंत्र्यांबरोबरची सेल्फी काही कामाची नाही.

शेतकरी याकडे वळतो का?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला होता. दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या, १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून लागवड करीन. कारण काय दिलं? कोणत्याच पिकाला हमखास भाव नाही, कारखान्याला ऊस घालून पैसे वेळेवर मिळत नाहीत. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. असेलही. पण अर्जातलं कारण खोटं नव्हतं.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात बरेच दिवस भाव ४ हजारांच्या आसपास रेंगाळला. मजुरी, खत, फवारणी वाढलेलीच. अशा वेळी कुणीतरी ओळखीचा माणूस येतो. बी देतो, 'तुरीच्या आत चार ओळी टाक, कुणाला दिसणार नाही' म्हणतो, थोडी उचल हातावर ठेवतो. त्या उचलीने पोरीच्या कॉलेजची फी भरली जाते. मग माघार घेता येत नाही.

हा व्यवहार नीट मांडून बघा. बी दलालाचं, बाजार दलालाचा, भाव दलाल ठरवणार. शेतकऱ्याचं काय? जमीन, मेहनत आणि नाव. चार महिने झाड जमिनीत उभं आहे, ते लपवता येत नाही, पळवता येत नाही. दलाल तासाभरासाठी येतो, माल उचलतो, जातो. फोन नंबरही बदलतो. सगळा नफा एका बाजूला आणि सगळी जोखीम दुसऱ्या बाजूला, असा हा धंदा. सोयाबीनला भाव मिळाला नाही तर एक हंगाम जातो. इथे दहा वर्षं जाऊ शकतात. शिवाय दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर त्या पैशातून घेतलेली मालमत्ता जप्त करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

आणि शेवटी तो माल जातो कुठे? आपल्याच तालुक्याच्या बसस्टँडमागे, कॉलेजच्या कट्ट्यावर, ऊसतोडीच्या फडात. चार ओळी लावणाऱ्याचाच पोरगा उद्या ती पुडी विकत घेणार नाही, याची खात्री कोण देईल?

सरकारने काय करायला हवं?

नुसते छापे टाकून हा प्रश्न सुटत नाही, हे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्याने दाखवलंय. सातपुड्याच्या पायथ्याशी तिथे वर्षानुवर्षं कारवाया होतात, एकरच्या एकर झाडं नष्ट केली जातात, पुढच्या वर्षी पुन्हा बातमी. राज्यात पकडला जाणारा बराच गांजा आंध्र-ओडिशा सीमेवरून येतो, तिथेही हीच कथा. डोंगराळ, कोरडवाहू, रस्त्यापासून लांबची गरीब जमीन आणि बाहेरचा पैसा.

२०२५ मध्ये विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हे मकोका कायद्याखाली आणण्याचं विधेयक मंजूर केलं. कडक कायदा असायला हरकत नाही. पण तो वापरला जावा तो बी पुरवणाऱ्या आणि माल फिरवणाऱ्या साखळीवर. प्रत्येक छाप्यानंतर दोन प्रश्न जाहीरपणे विचारले गेले पाहिजेत: बी कुणी दिलं आणि माल कुणी घेणार होतं? त्याचं उत्तर दोषारोपपत्रात नसेल, तर तो तपास अर्धाच.

दुसरं, औद्योगिक हेम्पबाबत राज्याने आपली भूमिका एकदा स्पष्ट सांगावी. केंद्राच्या २०१२ च्या धोरणात कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधन करण्याचं म्हटलं होतं. आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं आहेत. अभ्यास करायचा असेल तर त्यांनी करावा आणि निष्कर्ष मराठीत गावापर्यंत पोचवावा. करायचा नसेल तर तसं सांगावं. सरकार गप्प राहिलं की ती जागा भामटे भरतात.

तोवर आपण काय करायचं?

जमीन वाट्याने दिली असेल तर हंगामात निदान महिन्यातून एकदा स्वतः किंवा घरच्या कुणीतरी सगळं रान फिरून बघावं. फक्त बांधावरून नाही, तुरीच्या, उसाच्या आत शिरून.

ई-पीक पाहणी वेळेवर करावी. पिकाचा फोटो, जागा आणि तारीख यांची ती सरकारी नोंद असते.

शेतातली झोपडी, विहिरीवरची खोली कुणाला वापरायला दिली असेल तर त्यावर लक्ष ठेवावं.

पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर पळून जाऊ नये. पळालेल्या माणसावर संशय दुप्पट होतो. पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करावी.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. फोन नंबर १५१००.

गांजाची लागवड किंवा विक्री कळवायची असेल तर १९३३ हा मोफत नंबर आहे. घरातलं कुणी व्यसनात अडकलं असेल तर १४४४६ वर मदत मिळते. जो स्वतःहून उपचाराला येतो, त्याला अल्प प्रमाणाच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात सवलत देण्याची तरतूद कायद्यात आहे, हे पण घरच्यांनी लक्षात ठेवावं.

आणि एखादा ओळखीचा माणूस 'चार ओळी टाक' म्हणत बांधावर आला, तर त्याला सांगा: बी तुझं, बाजार तुझा, मग जमीनपण तुझीच वापर. तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.